गिऱ्हाईक मालक झालं तेव्हा

मे महिन्यात वेंगुर्ल्याला बोट लागली की बंदरावर दोन प्रकारची माणसं जमत. ज्यांचं कुणी येणार असे ती, आणि ज्यांचं कुणी येणार नसे, पण दुसऱ्याकडे काय उतरतंय ते बघायचं असे ती. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी. मग पडाव जात आणि माणसांना, पेट्यांना, वळकट्यांना घेऊन हेलकावत किनाऱ्याला येत. पडावातून आधी ट्रंक उतरे, मागून चाकरमानी. ‘बरो आसंस मा?’ हा प्रश्न तोंडदेखला. खरा प्रश्न घरी पोचल्यावर, माजघरात ट्रंकेचं कुलूप निघताना यायचा : ‘मुंबयसून काय हाडलंस?’

आमच्या घरी येणारी ट्रंक माझ्या काकाची. तो गिरणीत होता आणि नायगावला राहायचा. ट्रंकेत साबणाच्या वड्या, चहाची पूड, आजीला लुगडं, शर्टाचं कापड, आम्हा पोरांना बिस्किटं असा नेहमीचा ऐवज. सत्तरीतल्या एका वर्षी त्यात चणाडाळीची एक किलोची पिशवी होती, तोंड नीट बंद केलेली. आजीने ती हातात घेऊन हलवली, मग काही न बोलता काजूबिया तोलायची घरची तागडी काढली आणि पिशवी पारड्यात टाकली. काटा मधोमध आला. तिचा विश्वास बसेना. तिने पारडी बदलून पुन्हा तोललं. तेव्हाही बरोबर.

‘ह्यो वाणी खंयचो?’ तिने विचारलं.

‘वाणी नाय गे आये,’ काका म्हणाला, ‘आमचाच दुकान आसा.’

आजीने त्याचा सरळ अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बातमी गेली की झिलाने मुंबईत दुकान काढलं. काकाने दोनदा समजावलं, मग नाद सोडला. ते दुकान म्हणजे नायगावचं ‘अपना बाजार’. काकाकडे त्याचे थोडे शेअर होते, एवढाच काय तो त्याचा धंदा. पण आजीचा तो गैरसमज पूर्ण गैरसमज होता असंही म्हणता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात एकदा गिऱ्हाईकच दुकानाचं मालक झालं होतं. ते कसं झालं आणि पुढे त्याचं काय झालं, याची ही गोष्ट. तिची सुरुवात मात्र वेंगुर्ल्याच्याच बंदरावरून करायला हवी.

माल गेला, मग माणसं गेली

वेंगुर्ल्याला दुकानदारी शिकवायला मुंबईहून कुणी यायची गरज नव्हती. सतराव्या शतकात, 1637 च्या सुमारास, डचांनी इथे वखार घातली. गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करायला जवळचं ठाणं हवं, हा त्यांचा हिशेब. त्या वखारीचे पडके अवशेष गावात आजही उभे आहेत. पुढे 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि वेंगुर्ल्याचं नशीब एका घाटाशी बांधलं गेलं. बेळगावला इंग्रजांची मोठी छावणी होती. तिला लागणारा माल मुंबईहून गलबतांनी आणि नंतर आगबोटींनी वेंगुर्ल्याला उतरे आणि बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट चढे. वरून देशावरचा माल खाली येई. गावातलं ‘गाडीअड्डा’ हे नाव त्या काळाची खूण आहे. तिथे आता गाड्या वेगळ्या थांबतात, पण नाव बैलांचंच आहे.

या व्यापाराला आगगाडीने मारलं. बेळगावपर्यंत रूळ आले आणि 1888 च्या सुमारास मुरगाव बंदर घाटावरच्या रेल्वेला जोडलं गेलं. घाटावरचा माल वेंगुर्ल्याला वळसा घालून गोव्यातून ये-जा करू लागला. 1876 पासून नगरपालिका असलेलं हे शहर, वखारी आणि पेढ्या असलेलं, हळूहळू फक्त आपल्यापुरतं उरलं.

बोटी मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी मालाऐवजी माणसं न्यायला सुरुवात केली. मुंबईत 1850 च्या दशकात पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, दादर असा चिमण्यांचा पट्टा उभा राहिला. त्या चिमण्यांखाली काम करायला जी माणसं गेली, त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली फार. तेव्हा वेंगुर्ले, मालवण हे सगळं त्याच जिल्ह्यात धरलं जाई. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 ला. घरची भातशेती चार-सहा महिने पुरे, उरलेलं वर्ष मनीऑर्डरीवर. पोस्टमन अंगणात दिसला की घरातलं बोलणं थांबे, इतका त्या मनीऑर्डरीचा धाक आणि आधार.

म्हणजे मुंबईतल्या गिरणी कामगाराला दोन घरं चालवायची होती. एक गावाकडचं आणि एक मुंबईतलं, जिथे त्याच्या वाट्याला बहुधा खोलीचा कोपरा येई. गावकरी मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका भिंतीला रांगेत लावलेल्या, पाळीप्रमाणे झोपायचं आणि खानावळीत जेवायचं. ज्याने बायकापोरं आणली, तो चाळीत. एकट्या नायगावात बीडीडीच्या 42 चाळी होत्या.

महिना आणि वाणी

या माणसाची अडचण पगार कमी असणं एवढीच नव्हती. पगार उशिरा येणं हीसुद्धा होती. महिनाभर राबायचं आणि पगार पुढच्या महिन्याचे आठ-दहा दिवस गेल्यावर हातात पडायचा. नवा लागलेला माणूस दीड महिना खाणार काय? तो चाळीखालच्या वाण्याकडे जाई. वाणी नाव विचारी, गिरणी विचारी, खातं विचारी आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत नवीन पान उघडी.

या वाण्याला खलनायक करणं सोपं आहे, पण खरं नाही. तो नसता तर गिरणगाव पहिल्याच महिन्यात उपाशी पडलं असतं. संपात तोच उधार देई, आजारपणात तोच चार पैसे पुढे करी. मात्र या सोयीची किंमत तो दोन ठिकाणी वसूल करी. एक तर उधारीच्या गिऱ्हाइकाला भावात घासाघीस करता येत नसे आणि मालाला नाक मुरडता येत नसे. तांदळात खडे निघाले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दुसरी वसुली वजनात. तागडीला अंगठा लागला तरी ज्याचं नाव वहीत आहे, तो माणूस दुसरीकडे बघे. रोख कर्ज काढावं तर रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज हा गिरणगावातला सर्रास दर. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. हिशेब केला तर वर्षाला शेकडा 75 होतात. दहा रुपये घेतले की वर्षाअखेर साडेसात रुपये नुसतं व्याज, मुद्दल तसंच. सरकारी लेबर ऑफिसने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात निघाली.

तेव्हा गिरणी कामगाराची पिळवणूक दोन दारांत होत होती : गिरणीच्या आणि दुकानाच्या. पहिल्या दारासाठी युनियन होती, संप होते, पुढारी होते. दुसऱ्या दाराशी तो एकटा उभा होता.

दुसऱ्या दारावरचा उपाय जगात सापडून शंभर वर्षं झाली होती आणि तो सापडला होता कापडगिरण्यांच्याच गावात. इंग्लंडमधल्या रॉचडेलला 28 जणांनी, ज्यांत बरेचसे विणकर होते, पैसा पैसा साठवून 1844 च्या डिसेंबरात एक दुकान उघडलं. माल इनमीन चार-पाच जिनसा : पीठ, लोणी, साखर, ओटचं भरड पीठ. नियम साधे होते. माल चोख, माप पुरं, विक्री रोख. प्रत्येक सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. आणि नफा उरला तर तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. भारतात 1904 चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता, पण त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये ग्राहकांचं सहकारी भांडार निघालं. 1912 च्या कायद्याने अशा संस्थांना रीतसर दार उघडलं. मुंबईत स्वदेशीच्या लाटेत, 1906 साली, बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघालं. पण ते फोर्टातलं आणि त्याचं गिऱ्हाईक वेगळं. गिरणगावाला स्वतःचं दुकान निघायला आणखी एक महायुद्ध लागलं.

रेशनची रांग

1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. कोकणच्या माणसाला या बातमीचा अर्थ नकाशा न बघता कळला, कारण रंगूनचा तांदूळ येणं बंद झालं. घरचं भात संपल्यावर ज्याच्या आधाराने पावसाळा काढायचा, तोच आधार गेला. मुंबईत 1943 च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं. कार्ड, युनिट, रांग हे शब्द तेव्हापासून मराठी घरात शिरले ते कायमचे. रेशनचे हाल पुष्कळ होते, तरी एक गोष्ट त्याने घडवली. चाळीतल्या माणसाने पहिल्यांदाच ठरलेल्या भावाने, ठरलेल्या वजनाने आणि रोखीने धान्य घेतलं. भाव पाटीवर लिहिलेला असू शकतो, हे त्याला दिसलं.

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1947 च्या अखेरीस, नियंत्रणं उठवायचं ठरलं. गांधीजींचा तसा आग्रह होता. नियंत्रणाने काळाबाजार वाढतो आणि माणूस लाचार होतो, असं त्यांचं म्हणणं. पण नियंत्रणं उठली आणि भाव भडकले. 1948 च्या उत्तरार्धात सरकारला ती पुन्हा आणावी लागली.

या दोन टोकांच्या मधल्या वर्षात, 1948 मध्ये, नायगावला गिरणी कामगारांनी आणि त्यांच्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक ग्राहक संस्था काढली. तिचं कागदावरचं नाव श्वास पुरवून घ्यावं असं आहे : मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ मर्यादित. पण या लांबलचक नावातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘कामगार’ म्हणजे कुणाचं दुकान ते कळलं. ‘ग्राहक’ म्हणजे उत्पादकाचं नाही, व्यापाऱ्याचं नाही. ‘सहकारी’ म्हणजे मालकी कशी ते कळलं. आणि ‘मध्यवर्ती’ या शब्दात पुढची स्वप्नं होती. एका दुकानावर थांबायचं नाही, हे नाव ठेवतानाच ठरलं होतं.

अशा दुकानाचं रोजचं काम कसं चालतं, ते जरा जवळून पाहू. सभासद शेअर घेतो, ते भांडवल. त्यातून घाऊक बाजारात पोत्याने माल उचलायचा, निवडायचा, तोलून पुड्या बांधायच्या. भाव पाटीवर लिहायचा, सगळ्यांना एक. विक्री रोख. इथेच खरी कसोटी होती. वाण्याची उधारी मोडल्याशिवाय रोखीचं गिऱ्हाईक होता येत नाही आणि रोखीचं गिऱ्हाईक झाल्याशिवाय उधारी मोडत नाही. या पेचातून सुटायला एखादा बोनस लागे, किंवा गावाकडची एखादी मनीऑर्डर मागे-पुढे करावी लागे. एकदा का माणूस जुनं खातं फेडून पगाराच्या दिवशी महिन्याचा बाजार रोखीने करू लागला, की त्याच्या चालण्यात फरक पडे, असं जुने लोक सांगत. संध्याकाळी घरी येताना वाण्याच्या दुकानासमोरून जायचं टाळावं लागत नसे, एवढंच त्याचं कारण.

शेर, किलो आणि काटा

त्या पिढीच्या डोक्यातलं माप एकाएकी बदललं, हाही या गोष्टीचा भाग आहे. कोकणात धान्य तोलत नसत, मापत : पायली, शेर, मापटं, चिपटं. माप शिगोशीग भरायचं की सपाट, हात कसा फिरवायचा, यात सगळी विद्या. मुंबईत शेर होता, पण वजनाचा. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे आजचे 933 ग्रॅम. 1956 मध्ये दशमान मापांचा कायदा झाला, 1 एप्रिल 1957 ला नवा पैसा आला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. साठीच्या सुरुवातीला शेर कायद्याने संपला, पण बायकांच्या तोंडातून जायला त्याला आणखी वीस वर्षं लागली.

या मधल्या काळात गिऱ्हाइकाला फसवणं फार सोपं होतं. भाव शेराचा की किलोचा? आणा जुना की पैसा नवा? सोळा आण्यांचा हिशेब शंभर पैशांत बसवताना कुणाच्या तरी खिशात अर्धा-पाऊण पैसा जाई आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशात क्वचितच जाई. अशा वेळी ज्या दुकानात काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असतो, त्या दुकानाची ख्याती बाजारात जाहिरात न देता पसरते. सहकारी भांडारांची पुण्याई त्या काट्यावर उभी होती. आमच्या आजीने चणाडाळ दोनदा तोलली तेव्हा ती नकळत याच पुण्याईची परीक्षा घेत होती.

नायगावचं काचेचं दार

साठचं दशक भाववाढीचं. 1962 च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने ग्राहक सहकारी संस्थांना भांडवल आणि कर्ज देण्याची योजना आणली. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत दिल्लीत ‘सुपर बझार’ उघडला. भाव आवरायचे तर सरकारने नुसते हुकूम काढून भागत नाही, समोर एक प्रामाणिक दुकान उभं करावं लागतं, हा त्यामागचा विचार.

नायगावच्या मंडळाने 1968 मध्ये पुढची उडी मारली. किराणा, कापड, भांडी, स्टेशनरी, प्रसाधनं अशा एकेका विभागाचं मोठं दुकान त्याने कामगार वस्तीतच उघडलं. ‘डिपार्टमेंट स्टोअर’ हा शब्द तोवर फोर्टाचा होता. तिथल्या इंग्रजी अमदानीतल्या बड्या दुकानांच्या दारात दरवान उभा असे आणि गिरणीतला माणूस आत जायचं धाडस करत नसे. चप्पल बाहेर काढायची की नाही, इथपासून त्याची पंचाईत. नायगावच्या दुकानात ती पंचाईत नव्हती. काउंटरपलीकडचा माणूस बहुधा त्याच्याच चाळीतला, त्याच्याच बोलीतला. एका छपराखाली डाळ, धोतरजोडी आणि मुलाची वही घ्यायची, भाव चिठ्ठीवर वाचायचा, पावती घ्यायची. हे सुख आज कळणार नाही, कारण आज ते सगळ्यांना आहे.

‘अपना बाजार’ हे नाव हिंदी, तेही मुंबईच्या हिंदीतलं. मराठी कामगारांनी काढलेल्या दुकानाला ते खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही. गिरणगावात तेलुगू पद्मशाली होते, उत्तरेकडचे भैये होते, मुसलमान विणकर होते. ‘आपला’ म्हटलं असतं तर वाक्य मराठी माणसापाशी थांबलं असतं. ‘अपना’ म्हटल्यावर ते सगळ्या चाळीत फिरलं. त्याच सुमारास नायगावातच अपना सहकारी बँक उभी राहिली. वाणी आणि सावकार ही जुन्या उधारीची दोन तोंडं. एकाला भांडाराने उत्तर दिलं, दुसऱ्याला बँकेने.

सत्तरचं दशक या चळवळीचं भरतीचं. 1972 च्या दुष्काळात तेल, रवा, साखर दिसेनाशी झाली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. थाळ्यांचा तो आवाज मंत्रालयापर्यंत गेला. ज्या बाईने महागाईवर मोर्चा काढला तीच दुसऱ्या दिवशी सहकारी भांडाराच्या रांगेत उभी असे, आणि यात तिला काही विसंगती वाटत नसे. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने तर दुकानच काढून टाकलं. दहा-वीस घरांचा गट करायचा, यादी द्यायची, महिन्याचा माल घाऊक आणून कुणाच्या तरी ओसरीवर वाटून घ्यायचा. तिकडे कोल्हापुरात 1939 पासून शेतकरी सहकारी संघ ‘बैल छाप’ शिक्क्याने खतापासून किराण्यापर्यंत सगळं विकत होता. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या जोडीला वारणा बाजार उभा केला. त्यामुळे खेड्यातल्या बाईला शहरासारखं दुकान गावातच मिळालं. अपना बाजारही नायगाव ओलांडून अंधेरी, मुलुंड असा पसरत गेला. रेल्वेमार्गांवर जशी मराठी वस्ती सरकली तशी त्याची दुकानं सरकली. अंधेरीला बसच्या थांब्याला त्याचं नाव पडलं. दुकानाला याहून मोठी पदवी मुंबई देत नाही.

वेंगुर्ल्यात त्या काळी मुंबईहून आलेल्या पिशव्या टाकून देत नसत. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवत आणि लग्नाकार्याला जाताना त्यातून नारळ नेत. त्या पिशवीवरचं नाव म्हणजे मुंबईत आपलं माणूस असल्याचा दाखला होता.

भोंगा थांबला

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या जवळजवळ अडीच लाख कापड कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष झालं. गावकरी मंडळाच्या खोल्यांतून एकेक ट्रंक कमी होऊ लागली. कोकणात येणाऱ्या एसट्या आणि बोटी भरून आल्या, पण ते येणं मे महिन्याचं नव्हतं. या वेळी वेंगुर्ल्याच्या माजघरांत ‘काय हाडलंस?’ असं कुणी विचारलं नाही. काही वर्षांतच ती बोटसेवाही बंद पडली.

संपाने गिरण्या मोडल्या तशी त्यांच्याभोवतीची सगळी रचना मोडली : खानावळी, गावकरी मंडळं, भजनी मंडळं, वाणी आणि ग्राहक भांडारंही. सहकारी भांडाराचा पाया रोख विक्री आणि रोख विक्रीचा पाया पगार. पगाराची तारीखच नाहीशी झाली तेव्हा महिन्याचा बाजार हा शब्द पोकळ झाला. कारखान्यात टिकलेली किंवा बँकेत, पालिकेत, मंत्रालयात चिकटलेली पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. सभासद पांगले. शेअर सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी गेलं.

त्यानंतर 1991 आलं आणि बाजाराचे नियम बदलले. इथे सहकारी भांडाराच्या जुन्या गुणांचेच दोष झाले. एक सभासद एक मत, म्हणून निर्णय समितीत आणि समिती निवडणुकीतून. भावात मार्जिन कमी, म्हणून गंगाजळी थोडी. शेअर बाजारातून भांडवल उभं करता येत नाही, कारण ज्याचा पैसा जास्त त्याचा शब्द मोठा, हेच तत्त्व सहकाराला मान्य नाही. स्पर्धक मात्र पन्नास दुकानांचा माल एका सौद्यात उचलत होता, कंपन्यांकडून सवलत काढत होता आणि संगणकावर साठा बघत होता. दिल्लीचा सुपर बझार 2002 मध्ये बंद पडला. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला आणि त्यात बिग बझार आला. ज्या फाटकातून कामगार पाळीला आत जात, त्याच फाटकातून त्यांची नातवंडं सवलतीची साखर घ्यायला आत गेली. तो बिग बझारही पुढे टिकला नाही, हे लगोलग सांगायला हवं. खासगी असलं की अमर होतं, असं काही नाही.

या सगळ्यात एक धागा मात्र थेट आहे. शेअर बाजारात नाव कमावलेले राधाकिशन दमानी 1999 मध्ये किरकोळ विक्रीच्या धंद्यात उतरले ते अपना बाजारच्या नेरुळच्या दुकानाची फ्रँचायझी घेऊन. ते मॉडेल त्यांना पटलं नाही. दोन-तीन वर्षांनी, 2002 मध्ये, त्यांनी पवईला स्वतःचं पहिलं दुकान उघडलं : डीमार्ट. मार्च 2017 मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा ते घ्यायला झुंबड उडाली.

डीमार्टचे नियम बघा : गाजावाजा नाही, रोजचाच भाव कमी, माल मध्यमवर्गाच्या रोजच्या गरजेचा, नफा थोडा आणि उलाढाल मोठी. यातला जवळपास प्रत्येक नियम नायगावच्या पाटीवर पन्नास वर्षं आधी लिहिलेला होता. फरक एकाच ओळीत आहे. रॉचडेलच्या नियमांतली ‘नफा खरेदीच्या प्रमाणात परत’ ही ओळ गेली आणि तिच्या जागी ‘नफा शेअरच्या प्रमाणात’ ही आली. गिऱ्हाईक राहिलं, मालकी गेली. गिऱ्हाइकाची याबद्दल फारशी तक्रार नाही, कारण तूरडाळ स्वस्त मिळते. आणि खरं सांगायचं तर 1948 मध्येही बहुतेकांना तूरडाळच स्वस्त हवी होती. मालकी हा त्यासाठी सापडलेला मार्ग होता. तो चालता चालता आवडू लागला, एवढंच.

नायगावचं अपना बाजार आजही आहे. जुनी मंडळी तिथे जातात, काही सवयीने आणि काही हट्टाने. पण शहराचा भाव आता तिथे ठरत नाही.

दुकानवालो

काका 1983 च्या पावसाळ्याआधी परत आला तो कायमचाच. ट्रंक तीच, फक्त हलकी. पुढे त्याने घरची काजूची कलमं सांभाळली. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून आणलेली रोपं लावली आणि बिया विकायला बाजारात जाऊ लागला. गावातल्या दुकानात तो कधी उधारीने माल घेत नसे. पैसे नसले तर सामान घेत नसे, पण ‘मांडून ठेव’ म्हणत नसे. दुकानदाराला याचा थोडा रागच येई. गावात उधारी म्हणजे ओळख. ती नाकारणं म्हणजे ओळख नाकारणं. काका काटा आपल्याकडे वळवून बघे, हिशेब तोंडाने पुन्हा करी आणि पावती मागे. पावती कशाला, असं विचारलं तर म्हणे, ‘सवय.’

आजीने विहिरीवर सोडलेली बातमी मात्र गावातून कधी गेली नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या त्याला शेवटपर्यंत ‘दुकानवालो’ म्हणत. नव्या माणसांना वाटे, याचं मुंबईत मोठं दुकान बुडालं असणार. मी एकदा म्हटलं, सांगत का नाहीस त्यांना खरं काय ते?

तो काजूबिया तोलत होता. त्याने काटा मधोमध येईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, ‘खोटा खंय आसा?’